न जन्मलेल्या शिंगराची नोंद : अमेरिकेतील ‘फ्युच्युरिटी’ पद्धती आणि मिनिएचर अश्व

प्रस्तावना

पशुपैदाशीच्या इतिहासात पैदासकाराची एक अडचण सर्वत्र सारखीच आढळते. घोडी फळवायची, सुमारे अकरा महिने ती गाभण असताना सांभाळायची, शिंगरू जन्मल्यावर दोन-तीन वर्षे दाणावैरण, खुरांची निगा आणि औषधपाणी यांवर खर्च करीत त्याला वाढवायचे आणि त्यानंतरच त्याला मोल येणार की नाही हे ठरायचे. या संपूर्ण काळात पैसा केवळ बाहेर जात असतो. मोठा जमीनदार वा सरदार हा भार सहज पेलू शकतो. पाच-दहा घोड्या बाळगणाऱ्या सामान्य पैदासकाराला मात्र तो पेलणे कठीण असते. या अडचणीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जो उपाय रूढ झाला, त्यास ‘फ्युच्युरिटी’ असे नाव मिळाले.

या पद्धतीचे मूळ सूत्र साधे आहे. शिंगरू आईच्या पोटात असतानाच ठरावीक शुल्क भरून एका भावी स्पर्धेसाठी त्याची नोंद करावयाची. त्या वेळी शिंगराला नाव नसते, रंग नसतो, ते नर की मादी हेही ठाऊक नसते. म्हणून नोंद होते ती त्याच्या आईच्या व बापाच्या नावाने. जन्मानंतर ठरलेल्या मुदतींत हप्ते भरून ही नोंद जिवंत ठेवावी लागते. एक हप्ता चुकला तरी नोंद बाद होते आणि आधी भरलेली रक्कम परत मिळत नाही. स्पर्धेच्या दिवशी जी मोजकी जनावरे प्रत्यक्ष उतरतात, त्यांच्यापैकी पहिल्या काहींमध्ये सर्वांनी भरलेल्या पैशाची वाटणी होते.

मराठी वाचकाला येथे मुंबईच्या कापसाच्या वायद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनची स्थापना झाली आणि तेथील वायदे-व्यवहाराला संघटित रूप आले. परंतु हे साम्य अर्धेच आहे. वायद्यात उद्याच्या मालाचा भाव आज ठरतो आणि तो माल देण्याचे, किंवा निदान फरक चुकता करण्याचे, बंधन असते. फ्युच्युरिटीत भाव ठरत नाही आणि माल देण्याचे बंधनही नसते; माल आला नाही तर भरलेले पैसे तेवढे जातात. त्यामुळे ही पद्धती वायद्यापेक्षा भिशीला अधिक जवळची म्हणावी लागेल. फरक इतकाच की, या भिशीत उचल कोणाला मिळणार हे चिठ्ठीवर न ठरता शिंगरावर ठरते.

शर्यतीच्या मैदानावर जन्मलेली ही योजना विसाव्या शतकात प्रदर्शनाच्या रिंगणात आली आणि अखेरीस ज्या घोड्याची कमाल उंची ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर, त्या मिनिएचर अश्वापर्यंत पोचली. या प्रवासात तिचे बाह्य रूप फारसे बदलले नाही. मात्र तिचा अर्थ बदलला. जी योजना भविष्याची कसोटी म्हणून सुरू झाली, ती क्रमाक्रमाने वर्तमानाची बाजारपेठ झाली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शीप्सहेड बे, १८८८

शिंगराच्या जन्मापूर्वी नोंद घेण्याची कल्पना मुळात अमेरिकन नव्हे. इंग्लंडमध्ये ‘प्रोड्यूस स्टेक्स’ या नावाने, म्हणजे विशिष्ट घोड्यांच्या संततीसाठी राखीव, अशा शर्यती आधीपासून होत असत. त्यांत सहभागी होणारे बहुधा परस्परांच्या ओळखीचे उमराव असत आणि व्यवहार जॉकी क्लबच्या चौकटीत, शब्दावर चाले. अमेरिकेने या जुन्या प्रथेला व्यापारी आकार दिला. न्यूयॉर्कजवळच्या शीप्सहेड बे येथे कोनी आयलंड जॉकी क्लबचे मैदान १८८० मध्ये सुरू झाले होते. क्लबच्या धुरीणांत विन्स्टन चर्चिल यांचे आजोबा (आईचे वडील) लिओनार्ड जेरोम हे होते. पण फ्युच्युरिटीची कल्पना क्लबचे सचिव जे. जी. के. लॉरेन्स यांची मानली जाते. देशभरातील पैदासकारांकडून त्यांच्या गाभण घोड्यांच्या नावाने अल्प रकमेच्या नोंदी घ्यायच्या आणि त्या शेकडो अल्प रकमांतून एक प्रचंड बक्षीस उभे करायचे, अशी ही योजना होती.

पहिली फ्युच्युरिटी शर्यत १८८८ च्या सप्टेंबरमध्ये, लेबर डेच्या दिवशी धावली गेली. धावणारी शिंगरे दोन वर्षांची होती. म्हणजे ती १८८६ मध्ये जन्मलेली आणि त्यांच्या आया १८८५ मध्ये फळलेल्या. ज्या शर्यतीची तिकिटे १८८८ मध्ये विकली गेली, तिची भांडवल-उभारणी तीन वर्षे आधी सुरू झाली होती. तोवरच्या अमेरिकन शर्यतींमध्ये ही सर्वांत मोठ्या बक्षिसाची शर्यत ठरली. विजेत्याच्या वाट्याला सुमारे ४० हजार डॉलर आले. विजेता होता केंटकीचा ‘प्रॉक्टर नॉट’ हा खच्ची केलेला घोडा आणि त्याचा स्वार होता शेल्बी ‘पाइक’ बार्न्स हा कृष्णवर्णीय जॉकी. त्या काळातील अमेरिकन शर्यतींत कृष्णवर्णीय जॉकींचे स्थान अग्रभागी होते. पुढील दोन-तीन दशकांत त्यांना या व्यवसायातून जवळजवळ हद्दपार करण्यात आले, ही गोष्ट या खेळाच्या गौरवगाथांत बहुधा एका ओळीत आटोपली जाते.

या शर्यतीत दुसरा आलेला घोडा होता ‘साल्व्हेटर’. पुढील वर्षी, १८८९ मध्ये, प्रॉक्टर नॉट केंटकी डर्बीत ‘स्पोकेन’ या घोड्याकडून थोडक्यात हरला. हरलेल्या साल्व्हेटरने मात्र १८९० मध्ये ‘टेनी’विरुद्धची गाजलेली द्वंद्वशर्यत जिंकली आणि त्याच वर्षी एका मैलाच्या अंतरात विक्रमी वेळ नोंदवली. ‘भवितव्य’ असे नाव असलेल्या पहिल्याच शर्यतीने भविष्य चुकीचे वर्तवले होते, असे म्हणण्यास जागा आहे. अर्थात आयोजकांच्या दृष्टीने यात काही बिघडले नव्हते. त्यांना उत्तम घोडा शोधायचा नव्हता; पैदासकाराचा पैसा लवकर फिरवायचा होता आणि ते साध्य झाले.

शर्यतींवरील पैजांना न्यूयॉर्क राज्यात १९०८ च्या हार्ट-अ‍ॅग्न्यू कायद्याने आळा घातला. परिणामी शीप्सहेड बेचे मैदान १९१० मध्ये बंद पडले आणि ही शर्यत साराटोगा येथे गेली. १९११ व १९१२ ही दोन वर्षे ती झालीच नाही. १९१५ पासून ती बेलमाँट पार्कवर होऊ लागली. मैदान गेले तरी नाव टिकले, आणि हे नाव आता एका शर्यतीचे विशेषनाम न राहता एका पद्धतीचे सामान्यनाम झाले होते.

मालकाचा मृत्यू आणि नोंदीचा मृत्यू

दीर्घ मुदतीच्या नोंदीतून एक विचित्र कायदेशीर प्रश्न उद्भवला आणि तो इंग्लंडमध्ये ठळकपणे पुढे आला. तेथील जुन्या नियमानुसार नोंद करणारा मालक मरण पावला की त्याच्या नावे असलेल्या सर्व नोंदी रद्द होत. घोडा जिवंत, सुदृढ आणि सज्ज असला तरी तो धावू शकत नसे. नोंद हा सद्गृहस्थाचा व्यक्तिगत शब्द असून शब्द देणारा गेल्यावर तो वसूल कसा करावा, अशी त्यामागची धारणा होती. १९२७ मध्ये ‘कॉल बॉय’ने एप्समची डर्बी जिंकली आणि लवकरच त्याचे मालक, नाट्यगृह-व्यावसायिक फ्रँक कर्झन, मृत्यू पावले. त्यासरशी डर्बीविजेता घोडा सेंट लेजर शर्यतीस अपात्र ठरला. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, रहस्यकथाकार एडगर वॉलेस यांनी जॉकी क्लबशी संगनमत करून स्वतःवर एक चाचणी खटला ओढवून घेतला आणि त्यानंतर हा नियम रद्द झाला.

ही घटना केवळ गमतीची नाही. नोंद ही व्यक्तीला चिकटलेली नसून जनावराला चिकटलेली आहे, हे तत्त्व मान्य झाल्याशिवाय नोंदीची खरेदी-विक्री शक्य नव्हती. अमेरिकन फ्युच्युरिटीचे सारे अर्थकारण याच तत्त्वावर उभे आहे. शिंगरू विकले की नोंदही त्याच्यासोबत जाते. ‘नोंद असलेले शिंगरू’ हा शब्दप्रयोग विक्रीच्या जाहिरातीत किंमत वाढवतो. आणि पुढचे हप्ते भरण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. पैदासकाराने स्पर्धेची वाट न पाहताच आपला लाभ पदरात पाडून घेतलेला असतो.

घड्याळाकडून डोळ्याकडे

केंटकीतील लेक्सिंग्टन येथे दुडक्या चालीच्या घोड्यांसाठी १८९३ मध्ये केंटकी फ्युच्युरिटी सुरू झाली. क्वार्टर हॉर्स या जातीसाठी न्यू मेक्सिकोतील रुइडोसो डाउन्स येथे १९५९ मध्ये ऑल अमेरिकन फ्युच्युरिटी भरली आणि ‘गॅलोबार’ने ती जिंकली. १९७८ मध्ये या शर्यतीचा एकूण बक्षीसनिधी दहा लाख डॉलरवर गेला आणि १९८२ मध्ये एकट्या विजेत्याला दहा लाख डॉलर मिळाले. रुइडोसो हे डोंगरातले लहानसे गाव आहे हे लक्षात घेतले, म्हणजे ही रक्कम तेथील प्रेक्षकांच्या तिकिटांतून उभी राहिली नव्हती हे वेगळे सांगावयास नको. ती उभी केली होती हप्ते भरणाऱ्यांनी. पुढे १९८४ मध्ये सुरू झालेल्या ब्रीडर्स कपनेही पैदाशीच्या घोड्यांचे व शिंगरांचे नामांकन-शुल्क हाच आपल्या निधीचा पाया मानला.

या सर्व ठिकाणी निकाल लावणारी गोष्ट वस्तुनिष्ठ होती. कोणते नाक रेषेवर आधी पोचले, एवढाच प्रश्न. खरा बदल घडला तो ही पद्धती शर्यतीबाहेर पडल्यावर. नॅशनल कटिंग हॉर्स असोसिएशनने १९६२ मध्ये टेक्सासातील स्वीटवॉटर येथे पहिली फ्युच्युरिटी भरवली. कटिंग म्हणजे कळपातून एक जनावर वेगळे काढून त्याला परत कळपात शिरू न देण्याचे घोड्याचे कसब. येथे गुण परीक्षक देतो. तीन वर्षांचे आणि यापूर्वी कोणत्याही स्पर्धेत न उतरलेले घोडेच पात्र, असा नियम करण्यात आला. हा नियम अत्यंत विचारपूर्वक केलेला म्हटला पाहिजे; कारण परीक्षकाच्या मनात त्या घोड्याविषयी पूर्वग्रह नसावा, याची ती निदान एक हमी होती. तरीही येथे घोडा काहीतरी करून दाखवत असे.

प्रदर्शनाच्या फ्युच्युरिटीत तेही नसते. शिंगराला म्होरकी घालून रिंगणात आणायचे, चालवून दाखवायचे, ताठ उभे करायचे. आणि परीक्षकाने त्याचा देहबांधा, प्रमाणबद्धता, डोक्याची ठेवण व चाल पाहून क्रम लावायचा. पाच-सहा महिन्यांच्या, नुकतेच दूध तुटलेल्या शिंगराच्या बाबतीत हा निर्णय म्हणजे ते पुढे कसे होईल याचा अंदाज असतो. पण परीक्षक भविष्याला गुण देऊ शकत नाही. तो त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या शिंगराला गुण देतो. मग शिंगरू त्या दिवशी शक्य तितके पूर्ण वाढलेले, घोटीव आणि शोभिवंत दिसावे यासाठी सारी खटपट सुरू होते.

लहान घोड्याची मोठी वंशावळ

मिनिएचर अश्वाच्या घडणीत शेटलँड बेटांवरील तट्टांचा वाटा मोठा आहे. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रिया व दहा वर्षांखालील मुलगे यांना कोळशाच्या खाणीत उतरवण्यास बंदी झाली आणि त्यांच्या जागी बुटक्या बोगद्यांतून गाड्या ओढण्यासाठी लहान तट्टांची मागणी वाढली. खाणमालक लॉर्ड लंडनडेरी यांनी १८७० च्या सुमारास शेटलँडमधील ब्रेसे व नॉस या बेटांवर पैदास-केंद्र चालवले. त्यांचे उद्दिष्ट सौंदर्य हे नव्हते. पाय आखूड आणि अंग भारी असे ओझ्याचे जनावर त्यांना हवे होते. या जातीची अमेरिकन संस्था, अमेरिकन शेटलँड पोनी क्लब, स्थापन झाली १८८८ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी पहिली फ्युच्युरिटी धावली गेली, त्याच वर्षी. त्या काळी या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता.

अमेरिकेत शेटलँड तट्टांचे भाव १९५० च्या दशकात भरमसाट वाढले आणि १९६० च्या आसपास कोसळले. या पडझडीत लहानांतल्या लहान जनावरांकडे, म्हणजे ज्यांना मुले बसूही शकणार नाहीत अशांकडे, स्वतंत्र वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी काही पैदासकारांत आली. अर्जेंटिनातील फालाबेला घराण्याच्या बुटक्या घोड्यांनीही या हौसेला खतपाणी घातले. शेटलँड क्लबने १९७२ मध्ये अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्री सुरू केली, आणि १९७८ मध्ये अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. पहिल्या संस्थेने ३४ इंचांपर्यंत ‘अ’ व त्याहून अधिक, ३८ इंचांपर्यंत ‘ब’ असे दोन विभाग केले. दुसरी ३४ इंचांवर ठाम राहिली.

जात ठरवण्याची ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. अरबी घोडा रक्ताने अरबी असतो. मिनिएचर घोडा प्रथमतः मापाने मिनिएचर असतो. दोन नोंदणीकृत मातापित्यांचे शिंगरूही मोठेपणी मर्यादेबाहेर गेले तर ते जातीबाहेर जाते. म्हणूनच शिंगराला मिळणारी नोंद आधी तात्पुरती असते आणि पूर्ण वाढीनंतरच्या मोजणीवर ती कायम होते. ज्याची जातच पुढे ठरायची आहे, अशा जनावरावर जन्मापूर्वी पैसे लावणे ही फ्युच्युरिटीच्या कल्पनेची टोकाची अवस्था होय.

नोंदीपासून रिंगणापर्यंत

पैसा कसा फिरतो हे पाहण्यासाठी एक निव्वळ कल्पित उदाहरण घेता येईल. समजा, एका प्रादेशिक क्लबाकडे १०० गाभण घोड्यांची नोंद झाली आणि प्रत्येकी २५ डॉलर आले : २,५०० डॉलर. वसंतात ७० शिंगरांसाठी दुसरा हप्ता, प्रत्येकी ५० डॉलर, भरला गेला : ३,५०० डॉलर. उरलेल्या ३० पैकी काही घोड्या रिकाम्या राहिल्या, काहींचा गर्भ गेला, काही शिंगरे दगावली, काहींची बांधणी मालकालाच पटली नाही. प्रत्यक्ष स्पर्धेसाठी २५ जणांनी १०० डॉलरप्रमाणे शेवटचे शुल्क भरले : २,५०० डॉलर. एकूण जमा ८,५०० डॉलर. यांतील ४,१२५ डॉलर, म्हणजे निम्म्याला थोडेसे कमी, अशा लोकांचे आहेत ज्यांचे शिंगरू रिंगणात आलेच नाही. आयोजनाचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम पहिल्या पाच वा दहा क्रमांकांत उतरत्या प्रमाणात वाटली जाते. विजेत्याचा धनादेश हा अशा रीतीने बऱ्याच अंशी इतरांच्या अपयशाचा हिशेब असतो. हे वाईटच आहे असे नाही. विम्याचाही व्यवहार याच तत्त्वावर चालतो, फक्त तेथे पैसा दुर्दैवी माणसाकडे जातो आणि येथे भाग्यवानाकडे.

निधी वाढवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे पैदाशीच्या घोड्याच्या सेवेचा लिलाव. घोड्याचा मालक एका फळवणीची सेवा क्लबला दान देतो. क्लब ती लिलावात विकतो. आलेली रक्कम निधीत जाते आणि त्या घोड्याची संतती स्पर्धेस पात्र ठरते. मालकाला रोख काही मिळत नाही, पण त्याच्या घोड्याचे नाव स्पर्धेच्या यादीत झळकते आणि संततीपैकी एखादे जिंकले तर पुढील हंगामात फळवणीचे शुल्क वाढवता येते. अशा रीतीने घोडीवाला, घोडेवाला, शिंगरू विकत घेणारा आणि क्लब हे चौघे एकाच दोरीत गुंतले जातात. पहिले शरदातले प्रदर्शन हुकले तरी आशा संपत नाही. अनेक ठिकाणी एकाच नोंदीवर, नवे हप्ते भरून, शिंगरू एक वर्षाचे व दोन वर्षांचे झाल्यावरही स्पर्धा खेळता येते.

अमेरिकेत प्रत्येक घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. जानेवारीच्या मध्यात जन्मलेले शिंगरू आणि जूनअखेरीस जन्मलेले शिंगरू शरदातील प्रदर्शनात एकाच वर्गात उभे राहतात; एक आठ महिन्यांचे, दुसरे अवघे तीन महिन्यांचे. निसर्गतः घोडी दिवस मोठे होऊ लागल्यावर, वसंतात माजावर येते. तिला लवकर माजावर आणण्यासाठी डिसेंबरपासून तबेल्यात कृत्रिम उजेड ठेवून रोज सुमारे १६ तासांचा ‘दिवस’ भासवला जातो. परिणामी शिंगरे कडाक्याच्या थंडीत, हिरवे गवत उगवण्यापूर्वी जन्माला येतात. शर्यतीच्या घोड्यांत हा प्रकार जुना आहे. पण मिनिएचर घोडीच्या बाबतीत त्याची जोखीम अधिक, कारण तिच्या प्रसूतीत अडथळे येण्याचे प्रमाण मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त असते आणि मालकाला रात्ररात्र तबेल्यात जागावे लागते.

त्यात पुन्हा उंचीची शिडी आहे. मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमांत वर्षाच्या आतील शिंगरू ३० इंच, एक वर्षाचे ३२ इंच, दोन वर्षांचे ३३ इंच आणि त्यापुढील घोडा ३४ इंच अशी मर्यादा घातली गेली. म्हणजे लवकर जन्मलेले शिंगरू मोठे, भरलेले, सुघड दिसते म्हणून त्याचा फायदा. आणि तेच शिंगरू ३० इंचांची रेषा ओलांडण्याचा धोकाही त्यालाच. मोजणी खांद्यावरील उंचवट्यापाशी न होता आयाळीचा शेवटचा केस जेथे उगवतो तेथे होते. केस हे हाड नव्हे. ही जागा मोजणाऱ्यागणिक थोडी मागेपुढे सरकते आणि शिंगराचे पाय किंचित पसरून उभे केले तर अर्धा इंच सहज ‘वाचतो’. प्रदर्शनाच्या मोजणी-टेबलाभोवती जी भांडणे होतात त्यांचे मूळ येथे आहे.

रिंगणात जाण्यापूर्वी शिंगराच्या अंगावरचे मऊ जावळ यंत्राने कापले जाते, डोळे व नाकपुड्यांभोवती वस्तरा फिरवून तेल लावले जाते आणि गळा बारीक दिसावा म्हणून त्याआधी काही आठवडे मानेला घाम आणणारी पट्टी बांधली जाते. हे सारे निष्णात हाताला जमते. त्यामुळे मोठ्या फ्युच्युरिटीत व्यावसायिक प्रशिक्षकाकडे शिंगरू सोपवण्याचा खर्च बक्षिसाहून अधिक होणे ही नवलाची गोष्ट नाही. ज्या छोट्या पैदासकाराच्या सोयीसाठी ही योजना निघाली, तोच या टप्प्यावर मागे पडतो. काही क्लबांनी हौशी मालकांचे वेगळे वर्ग ठेवले, ते याच तक्रारीतून.

तरीही तो नोंद करीत राहतो, यामागे करकायद्याचेही एक कारण आहे. अमेरिकेत १९६९ च्या कर-सुधारणा कायद्याने ‘छंद’ आणि ‘व्यवसाय’ यांत रेषा आखली. घोड्यांच्या पैदाशीत व प्रदर्शनात सात वर्षांपैकी दोन वर्षे नफा दिसला तर तो व्यवसाय आहे असे गृहीत धरले जाते आणि तोट्याची वजावट मिळते. शिंगराने जिंकलेले बक्षीस हे कागदोपत्री उत्पन्न ठरते. कोणी केवळ कर वाचवण्यासाठी शिंगरे वाढवतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण परसातल्या चार घोड्यांना ‘उद्योग’ म्हणण्याचा आधार या स्पर्धांनी पुरवला, हे नाकारता येत नाही.

पोटातले लेखे

प्रदर्शनाने काय निवडले याचा सर्वांत बोलका पुरावा क्वार्टर हॉर्स जातीत मिळतो. १९६९ मध्ये जन्मलेला ‘इम्प्रेसिव्ह’ हा पिळदार घोडा १९७४ मध्ये म्होरकी-वर्गाचा विश्वविजेता झाला. त्याची संतती प्रदर्शनांत हमखास जिंकते म्हणून तिची पैदास हजारोंनी झाली. या संततीतील काही घोडे अचानक थरथरत व कोसळत. याचे कारण स्नायूंतील एका जनुकाचा दोष असल्याचे १९९२ मध्ये सिद्ध झाले. तरीही दोन्ही बाजूंनी हा दोष आलेल्या शिंगरांची नोंदणी २००७ पासून जन्मलेल्यांपुरती बंद व्हायला पंधरा वर्षे लागली. बक्षीस पिळदारपणाला होते आणि दोष त्याच्या आडून आला.

मिनिएचर अश्वात हीच गोष्ट लहानपणाच्या बाबतीत घडली. जातीच्या आदर्श-वर्णनात सुदृढता प्रथम, बांधणी त्यानंतर आणि आकार शेवटी असा क्रम दिलेला असला, तरी इतर गुण जवळजवळ सारखे असल्यास लहान घोड्यास पसंती द्यावी, असेही तेथे नमूद आहे. शक्य तितका लहान, तरीही परिपूर्ण घोडा हे ध्येय असल्यावर याहून वेगळे काय लिहिणार? परंतु लहानपणाचे दोन प्रकार असतात. एक प्रमाणबद्ध लहानपण आणि दुसरे खुजेपणाच्या विकृतीतून आलेले : फुगीर कपाळ, आत गेलेले नाक, पुढे आलेला जबडा, वाकडे पाय, श्वासाचा त्रास. विकृती स्पष्ट दिसणारे शिंगरू कोणी रिंगणात नेत नाही. प्रश्न असतो तो दोष वाहणाऱ्या, वरकरणी निरोगी आणि देखण्या शिंगराचा. केंटकी विद्यापीठातील संशोधकांनी कूर्चेशी संबंधित एका जनुकातील चार दोष यामागे असल्याचे दाखवले. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोष एकाच बाजूने आला तर घोडा केवळ वाहक असतो. दोन्ही बाजूंनी आला तर शिंगरू खुजे जन्मते आणि काही संयोगांत गर्भ टिकतच नाही.

या शोधाने फ्युच्युरिटीच्या जुन्या हिशेबाकडे नव्याने पाहणे भाग पडते. ‘घोडी रिकामी राहिली’ किंवा ‘गर्भ गेला’ असा शेरा पडून ज्या नोंदी पहिल्या हप्त्यानंतर थांबल्या, त्यांतील काही तरी याच संयोगाच्या असणार. पैदासकाराने त्याला दैव म्हटले, क्लबाने जप्त रक्कम म्हटले आणि ती रक्कम कदाचित त्याच दोषाच्या देखण्या वाहकाला बक्षीस म्हणून मिळाली. आज आई-बापाच्या केसांच्या मुळांवरून ही चाचणी होऊ शकते. नामांकनाच्या अर्जावर आई व बाप या दोघांची नावे पहिल्यापासून लिहावी लागतातच. त्यांच्या पुढे चाचणीचा निकाल लिहिण्यास एक रकाना पुरेसा आहे.

२००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत बहुतेक सर्व अश्वजातींच्या नव्या नोंदण्या घटल्या. निधी शिंगरांच्या संख्येवर उभा असल्याने शिंगरे कमी तर बक्षीस कमी, आणि बक्षीस कमी तर नोंदीही कमी, असे हे चक्र उलटे फिरते. अशा वेळी नोंद करणारा टिकवून धरणे आयोजकांना अधिक गरजेचे होते. शिंगरू मृत जन्मले तर काय करावे, याबाबत नियम एकसारखे नाहीत. काही क्लब पैसे ठेवून घेतात. काही क्लब ती नोंद त्याच मालकाच्या दुसऱ्या गाभण घोडीच्या नावे वळवू देतात.